निळी झाक

माझ्या नणंदेला कारखान्यात सगळे थेंबबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिला त्याचं काही वाटत नसे. "निदान कामावरून तरी हाक मारतात," ती म्हणायची, "विक्रीच्या संत्रंसाहेबाला त्याच्या तोंडावरून मारतात."

जीवनसत्त्वांची औषधं बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिचं उभं आयुष्य गेलं. प्रश्न कायम एकच: जे पाण्यात विरघळत नाही, ते माणसाच्या पोटातून रक्तात कसं पोचवायचं? लोक गोळी गिळतात आणि समजतात, काम झालं. ते काम म्हणजे बरेचदा पालथ्या घड्यावर पाणी असतं. गोळी आत जाते आणि जशीच्या तशी बाहेर पडते. नणंदेनं मला हे शिकवलं ते भांडी घासताना. मी तेव्हा नवी सून होते आणि शहाणपणा दाखवायला म्हणून विचारलं होतं, की ताई, तुम्ही नक्की काय करता?

"ते पातेलं नुसत्या पाण्यानं धू," ती म्हणाली.

मी धुतलं. तेलाचा थर तसाच राहिला.

"आता साबण लाव. पोटातला साबण म्हणजे पित्त. तेल, आणि तेलातच विरघळणारी जीवनसत्त्वं, पित्ताशिवाय पुढं सरकत नाहीत. मी काय करते, तर साबण आधीच औषधात घालून ठेवते. म्हणजे पोटात गेल्या गेल्या थेंब फुटून बारीक होतो, कुणाची वाट बघत बसत नाही. कळलं? कॉलेजात काय शिकलीस मग?"

मी वाङ्मय शिकले होते. ते मी सांगितलं नाही.

ती सगळ्या भावंडांत मोठी. वडील लवकर गेले, तेव्हा हिची पदवी नुकतीच हातात पडली होती. नोकरी धरली, भावांना शिकवलं, आईचं शेवटपर्यंत केलं. लग्न राहून गेलं. "राहून गेलं" हे ती असं म्हणायची, जसं आपण गॅसवर दूध राहून गेलं म्हणतो. घर तिच्या नावावर होतं. म्हणजे ती आमच्याकडे राहत नव्हती, आम्ही तिच्याकडे राहत होतो, आणि हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. बाकी सगळं बोलून दाखवलं. मला ती 'काळजीचं पोतं' म्हणायची. "माझ्या भावानं शोधून शोधून काळजीचं पोतं आणलं घरात. कुठं ठेवावं तेच कळत नाही."

मग मला मुलगी झाली आणि पोत्याला कारण मिळालं. तिचे डोळे पिवळे राहायला लागले. पित्त वाहून नेणाऱ्या तिच्या नळ्या जन्मतःच अरुंद होत्या. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण पित्त आत यायचं ते गळक्या नळासारखं, ठिबक ठिबक. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की हिला खायला काहीही द्या, तेलातली जीवनसत्त्वं अंगी लागणार नाहीत. त्यातलं एक कमी पडलं की नसा सुकतात. आधी गुडघ्याची उडी जाते. मग तोल जातो. मग चालणं. त्यांनी छोट्या हातोडीनं गुडघ्याखाली टकटक केलं आणि मुलीचा पाय टुणकन उडाला. "ही उडी सांभाळायची," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझं सगळं जगणं त्या उडीवर येऊन थांबलं.

नंतर बरेच महिने नणंद घरी उशिरा येत राहिली, हाताला विचित्र कडवट वास घेऊन. तिनं साहेबांच्या मागे लागून अशा मुलांसाठी थेंबांचं औषध बनवायची परवानगी मिळवली. साहेबांना त्यात पुण्यही दिसलं आणि जाहिरातीतला हसऱ्या मुलाचा फोटोही. एका संध्याकाळी ती छोटी तपकिरी बाटली घेऊन आली. ग्लासात कोमट पाणी घेतलं, खिडकीशी धरलं, मागे वर्तमानपत्र उभं केलं आणि पाण्यात थेंब सोडून चमचा फिरवला.

"बघ."

पाणी पांढरं झालं नाही. त्याला नुसती निळी झाक आली, उदबत्तीच्या धुराला असते तशी, आणि तिच्यातून मागची बातमी स्वच्छ वाचता येत होती.

"वाचता आलं पाहिजे," ती म्हणाली. "निळं म्हणजे थेंब इतके बारीक झाले की त्यांना पित्ताची गरज नाही. दुधासारखं पांढरं झालं, तर समज थेंब मोठे राहिले. ते बसतील पित्ताची वाट बघत. आणि हिच्या पोटात ते काय वाजतगाजत येणार आहे?"

प्रत्येक खेप ती अशी बघायची. प्रयोगशाळेत मोठी यंत्रं होती, थेंब मोजणारी, पण यंत्राच्या आधी ग्लास आणि वर्तमानपत्र. म्हणून ती थेंबबाई.

औषध भयंकर कडू होतं. मुलगी तोंड वेडंवाकडं करायची, थुंकायची, आत्याला मारायची. "जे कडू आहे तेच काम करतंय," आत्या सांगायची. "साबण गोड असतो का गं?" आणि तिनं गिळलं की बक्षीस ठरलेलं. तिला ओट्यावर बसवायचं, पाय लोंबकळते सोडायचे आणि लाकडी चमच्यानं गुडघ्याखाली हलकेच मारायचं. पाय उडाला की दोघी खिदळायच्या. मुलीला तो खेळ वाटायचा. मी मात्र तिथं उभी राहून श्वास धरायचे. मुलगी चालायला लागल्यावर स्वतःभोवती गरगर फिरत राहायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. मी रोज बघायचे, फिरताना कलते का.

कलली नाही. रक्ताच्या तपासण्या चांगल्या येत गेल्या. मी निर्धास्त व्हायला शिकणार होते, पण मला ते जमत नाही.

दवाखान्यात अशा मुलांचा एक ठरलेला दिवस असायचा. तिथल्या बाकावर माझी एका बाईशी ओळख झाली. तिची मुलगी भिंगरीपेक्षा थोडी मोठी, आजार तोच, औषधही तेच. आम्ही एकमेकींना मुलींच्या डोळ्यांचा रंग सांगायचो, बाकी लोक हवापाणी सांगतात तसा. अलीकडे तिचा चेहरा उतरलेला असायचा. मुलीचं रक्तातलं प्रमाण घसरत चाललं होतं आणि कुणालाच कारण कळत नव्हतं. "वेळेवर देते हो," ती म्हणायची, "एक दिवस चुकवत नाही. डॉक्टरीणबाई माझ्याकडे अशा बघतात, जशी मीच चोरून पिते."

त्या दिवशी तिची बाटली घरी राहिली होती आणि औषधाची वेळ झाली होती. मी पिशवीतून आमची काढून दिली. लेबल तेच, रंग तोच. तिच्या मुलीनं घोट घेतला आणि थू करून टाकला.

"अगं, रोज तर चाटूनपुसून घेतेस," तिची आई म्हणाली आणि स्वतः बोटावर घेऊन चाखलं. "हे कडू आहे! आमचं गोड असतं. संत्र्यासारखं."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. आधी कडू होतं. आता सुधारलं म्हणे. तुम्हाला नाही मिळत तसं?"

आम्ही दुकानातून कधी घेतलंच नव्हतं. नणंद आणायची. घरात कारखाना असताना दुकानात कशाला जायचं?

परतताना मी दुकानातून एक बाटली घेतली. घरी दोन ग्लास मांडले, मागे वर्तमानपत्र. आमच्या बाटलीतला थेंब निळा झाला. दुकानातला पांढरा. दाट, छान, पिऊन टाकावासा वाटणारा पांढरा. मागचं एक अक्षर दिसत नव्हतं.

नणंद आली तेव्हा ग्लास ओट्यावर तसेच होते.

"ताई, हे काय आहे?"

तिनं चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. "ग्लास आहेत."

"एक निळा आहे आणि एक पांढरा."

"डोळे शाबूत आहेत तुझे. बरं वाटलं."

"ताई!"

ती स्टूल ओढून बसली. पाणी मागितलं. मी दिलं नाही, म्हणून स्वतः उठून घेतलं. मग सांगितलं, फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं. दुकानांतून तक्रारी येत होत्या, की मुलं थुंकतात. विक्रीचा नवा साहेब आला, तोच संत्रंसाहेब, गोल, केशरी चेहऱ्याचा. त्यानं म्हटलं, चव बदला. कडू होता तो साबणाचाच भाग. तो निम्म्यावर आणला, त्या जागी जास्तीचं तेल घातलं आणि संत्र्याचा अर्क. साहेबाचं म्हणणं, तेल वाढवलंय ना, मग उलट जास्तच अंगी लागेल.

"आणि तपासलं नाही कुणी?"

"तपासलं की. नीट तपासलं. ऑफिसातल्या लोकांना जुनं दिलं, नवं दिलं, रक्त काढलं. आकडे सारखे आले. येणारच! चांगले खाऊनपिऊन सुखी लोक, पित्त धो धो वाहतंय. त्यांना मी नुसतं तेल पाजलं असतं तरी रक्तात चढलं असतं. ज्यांना साबण लागतच नाही त्यांच्यावर साबण तपासला. साहेबांनी टेबलावर थाप मारली. झालं, सिद्ध झालं."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले. मला विचारलं, आजारी मुलांवर तपासलंय का तुम्ही? नव्हतं तपासलं. परवानगी मागितली, तर म्हणाले, वेळ नाही. मग पुरावा काय, म्हणाले. मी म्हटलं, ग्लास. सगळे हसले. मग सही केली."

"का?"

"खुर्ची आवडते मला माझी. तेच ऐकायचं होतं ना तुला? एवढी वर्षं त्या खुर्चीवर काढली. तिथून उठून जायचं कुठं? तुझ्याबरोबर भाज्या निवडायला?"

मी भिंगरीच्या बाटलीकडे बोट केलं. "मग ही कुठून येते?"

"नमुन्याचं कपाट आहे. प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या त्यात कुलपात ठेवायच्या असतात, मुदत संपेपर्यंत. उद्या कुणी तक्रार केली तर तपासून बघता यावं म्हणून. जुन्या खेपांच्या अजून थोड्या आहेत. किल्ली माझ्याकडे असते."

"म्हणजे चोरून."

"नाही, बँड लावून."

"त्या बाकावरच्या बाईची मुलगी, ताई, तिचं प्रमाण..."

"मला तिचं सांगू नकोस. मी तिला ओळखत नाही."

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

"हो!" ती पहिल्यांदा ओरडली. "बाब्या आपला आहे म्हणूनच पायावर उभा आहे. मी तोंड उघडलं की ते पहिलं ते कपाट उघडतील. मग तुझ्या पोरीला काय देशील? संत्र्याचं सरबत? का मांडीत सुया टोचून घेईल ती? सांग, बोलू का मी उद्या? तू म्हण, बोला. म्हण!"

मी म्हटलं नाही. दोन्ही ग्लास मोरीत ओतले आणि घासून ठेवले.

आमच्या यांना मी सांगितलं, तर हे म्हणाले, "ताई करते ते विचार करूनच करते." लहानपणापासून हे हेच म्हणत आलेत. त्यात यांची सोयही आहे.

पुढचे काही दिवस मी भिंगरीला औषध देताना तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते. ती कडू म्हणून रडली की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की ती दुसरी मुलगी आठवायची, चाटूनपुसून घेणारी. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी त्या दोघींना घरी बोलावलं. नणंद घरी असते हे मला माहीत होतं.

त्या आल्या. मुलगी पाय फाकवून चालत होती, होडीत उभं राहिल्यासारखी, आणि एक हात भिंतीला. नणंदेनं ते दारातच पाहिलं आणि चहा टाकते म्हणून आत गेली. मी अडवलं नाही. पण भिंगरीला कुणी काय सांगणार? तिनं मैत्रिणीला ओढत स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावरून ओट्यावर चढवलं, स्वतः शेजारी बसली.

"आत्या, पाय उडव. आधी माझा."

नणंदेनं चमचा घेतला. भिंगरीचा पाय उडाला.

"आता हिचा."

"चहा उतू जाईल."

"हिचा पण, आत्या! एकदाच!"

नणंदेनं त्या मुलीच्या गुडघ्याखाली चमचा मारला. पाय लोंबकळत राहिला. तिनं जागा बदलून पुन्हा मारला. मग दुसऱ्या पायावर. काही नाही. जसं काही पाटाच्या लाकडावर मारतेय. त्या मुलीनं आमच्या तोंडांकडे पाहिलं, आईच्या, माझ्या, आत्याच्या. आणि मग, चमचा बाजूला झाल्यावर, तिनं स्वतःच पाय जोरात वर उडवला आणि हसली.

"उडाला," नणंद म्हणाली. "शाबास."

त्या दोघी गेल्यावर तिनं तो चमचा घासायला घेतला. स्वच्छ होता, तरी घासत राहिली.

"तू मुद्दाम आणलंस तिला."

"हो."

"गरीब गाय समजत होते तुला. शिंगं आहेत की."

दुसऱ्या दिवशी ती कामावर न जाता डॉक्टरीणबाईंकडे गेली. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, त्यांच्याच ग्लासात थेंब सोडून दाखवले आणि सगळं सांगितलं. सही, कपाट, सगळं. डॉक्टरीणबाई भल्या. त्यांनी त्याच दिवशी कारखान्याला कळवलं, औषधांच्या सरकारी कार्यालयालाही कळवलं. दोन्हीकडून माणसं आली आणि नणंद म्हणाली होती तसंच झालं. पहिलं ते कपाट उघडलं.

आता यातली खरी गोष्ट सांगते. जुनं आणि नवं शेजारी ठेवून फरक दाखवायचा, तर जुन्या खेपांचे सीलबंद नमुने हवेत. ते त्यासाठीच ठेवलेले असतात. आणि कपाटात ते जवळजवळ नव्हतेच. जे होते त्यांची मुदत संपून गेलेली. डॉक्टरीणबाईंकडे दिलेली बाटली उघडलेली होती, आणि उघडलेली बाटली पुरावा धरत नाहीत. सगळा पुरावा माझ्या मुलीनं रोज रडत रडत प्यायला होता. तो तिच्या रक्तात होता, तिच्या उडणाऱ्या पायात होता, आणि तिथून तो कुणाला काढून दाखवता येणार नव्हता.

कारखान्यानं सांगितलं, की ही बाई नमुन्यांची चोर आहे, चोरी उघडी पडणार म्हणून आरोप करते आहे. नवं औषध तपासलेलं आहे आणि त्या तपासणीवर हिचीच सही आहे. हे खोटं नव्हतं, त्यामुळे त्यावर बोलायला काही उरलं नाही. तिला काढून टाकलं. खुर्ची रिकामी करायला रखवालदार बरोबर दिला होता, असं तिच्या एका सहकाऱ्यानं मला सांगितलं. ती घरी आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "तेलही गेलं, तूपही गेलं. दे भाजी निवडायला."

औषध अजून दुकानात आहे. गोड आहे, आधीपेक्षा जास्त खपतं. लेबलावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आली आहे: पित्ताचे विकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिच्या सगळ्या नोकरीतून एवढीच एक ओळ उरली, आणि ती वाचायला चष्मा लागतो.

दोघी मुली आता सुया घेतात. मांडीत, घट्ट तेलकट औषध, दुखतं. भिंगरी आदल्या दिवसापासून जेवत नाही. त्या दुसऱ्या मुलीचं प्रमाण वर आलं आहे. गुडघा अजून गप्प आहे. नसा हळू परततात, डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि पुढचं वाक्य बोलत नाहीत. मी त्यांच्याकडून ते काढून घेत नाही.

नणंदेनं त्या बाईलाही स्वतःच सगळं सांगितलं, बाकावर शेजारी बसून. बाईनं सगळं ऐकून एकच विचारलं, "तुमच्या भाचीला कुठलं देत होता?"

"जुनं," नणंद म्हणाली.

तेव्हापासून ती बाई समोरच्या बाकावर बसते. माझ्याकडेही बघत नाही. मुली मात्र मधल्या फरशीवर एकत्र खेळतात, एक गरगर फिरते आणि दुसरी खाली बसून तिच्या गिरक्या मोजते.

शेजारीपाजारी विचारतात, लवकर निवृत्त झालात का? "हो, कंटाळा आला," नणंद सांगते. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. मीठ, दूध, किल्ली. मला आता ती काळजीचं पोतं म्हणत नाही, आणि मला ते ऐकावंसं वाटतं, हे मी तिला सांगू शकत नाही. ओट्यावरचा खेळ तेवढा चालू आहे. परवा मी दाराशी उभी होते. चमचा लागला, पाय उडाला, पण भिंगरी खिदळली नाही.

"आत्या, तिचा कधी उडणार?"

"उडवला होता की तिनं. इथंच बसून."

"तो तिनं खोटा उडवला होता," भिंगरी म्हणाली. "तुला कळलं नाही?"

नणंदेनं चमचा ओट्यावर ठेवला.

"कळलं होतं," ती म्हणाली.